व्यसन : दोष कीं दुखणें ?

संस्कृत भाषेंत ‘व्यसन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दुर्गुण आणि दुसरा आपत्ति. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील आठव्या अधिकरणांत हे दोन्ही अर्थ एकाच छपराखालीं नांदत आहेत. अग्नि, पूर, रोगराई, दुर्भिक्ष हीं राज्यावर येणारीं संकटें हें जसें व्यसन, तसेंच राजाला जडणारें मृगयेचें, द्यूताचें किंवा मद्याचें वेड हेंहि व्यसनच. मराठींत येतां येतां मात्र या शब्दांतील आपत्तीचा अर्थ झिजून गेला आणि दुर्गुणाचा तेवढा शिल्लक राहिला. घरांतील एखादा कर्ता पुरुष दारूच्या आहारीं गेला म्हणजे आप्तेष्ट जे उद्गार काढतात, ते या उरलेल्या अर्थाला धरूनच असतात. ‘मनावर घेतलें तर सोडणें काय कठीण आहे?’ असें वडील माणसें म्हणतात. ‘उद्यांपासून शिवणार नाहीं,’ असें तो शपथेवर सांगतो. आणि चार दिवसांनीं ती शपथ मोडली म्हणजे, हा मनुष्य खोटा आहे, असा निकाल सर्वांच्या मनांत कायम होतो.

तो खरोखरच खोटा असतो काय? कीं शपथ घेतांना तो खरा असतो, पण ती पाळण्याचें साधनच त्याच्यापाशीं दुबळें झालेलें असतें? हा प्रश्न धर्मज्ञ, न्यायाधीश आणि वैद्य यांनीं दीर्घकाळ वादांत ठेविला होता. गेल्या अर्धशतकांत या वादाला एक नवा साक्षीदार मिळाला. जिवंत माणसाच्या कवटीला धक्का न लावतां त्याच्या मेंदूचें चित्र काढणारें यंत्र हा तो साक्षीदार होय. त्यानें काय सांगितलें, आणि काय सांगितलें नाहीं, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

दारूबाजी हा रोग आहे, ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारांपैकीं एक, फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश, यांनीं १७८४ सालीं मद्याच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहून ती मांडली होती. इंग्लंडच्या आरमारांत वैद्यकी केलेले थॉमस ट्रॉटर यांनीं १८०४ सालीं दारूबाजीला मनाचा रोग म्हटलें, आणि स्वीडनमधील डॉक्टर माग्नुस हूस यांनीं १८४९ सालीं त्या रोगाला ‘अल्कोहोलिझम’ हें नांव दिलें. परंतु नांव दिलें म्हणजे रोग सिद्ध होतो असें नाहीं. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयाचा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला, तेव्हां त्या रोगाविषयींचा वाद संपला. व्यसनाच्या बाबतींत बोट ठेवावयास जागाच नव्हती. त्यामुळें समाजाचें मन द्विधा राहिलें. अमेरिकेच्या सरकारनें १९३५ सालीं केंटकी प्रांतांत लेक्सिंग्टन येथें अफू व तिच्यापासून होणारे पदार्थ घेणारांसाठीं एक प्रचंड संस्था उघडली, ती या द्विधा मनाची जणूं विटांनीं बांधलेली मूर्तिच होती. ती रुग्णालयहि होती आणि तुरुंगहि होती. शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन आलेले रोगी एकाच आवारांत राहात. रोगी कोण आणि अपराधी कोण, याचा निवाडा त्या भिंतींनाहि करतां आला नाहीं.

मेंदू पाहावा कसा, हीच खरी अडचण होती. विल्हेल्म राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लाविला. पण त्या किरणांना कवटीचें हाड दिसे, आंतील मऊ मेंदू दिसत नसे. बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनीं १९१८ सालापासून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून छायाचित्रें घेण्यास सुरुवात केली. पण त्या रीतीनें रोग्याला असह्य डोकेदुखी होई, आणि चित्रांत दिसे तें मेंदूभोवतींच्या व आंतल्या पोकळ्यांचें रूप, मेंदूचें नव्हे. पुढें इंग्लंडमधील यंत्रज्ञ गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनीं क्ष-किरण आणि गणकयंत्र यांची सांगड घातली, आणि १९७१ सालच्या ऑक्टोबरमध्यें एका रोगिणीच्या मेंदूचे आडवे काप चित्ररूपानें पडद्यावर उमटले. तेंच हें आतां सर्वांच्या परिचयाचें झालेलें सी. टी. स्कॅन.

या यंत्राखालीं मद्यपी माणसें आणलीं गेलीं, तेव्हां पहिला धक्का बसला. वर्षानुवर्षें दारू घेणाऱ्या कित्येकांचा मेंदू आकसलेला दिसला. पण १९७८ सालीं टोरोंटो येथील डॉक्टरांनीं याहूनहि महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. ज्यांनीं दारू सोडली आणि सोडलेलीच ठेविली, अशा कांहींची चित्रें पुन्हां घेतलीं असतां तो आकसलेपणा कांहीं अंशीं भरून आलेला आढळला. या दुसऱ्या चित्राचें महत्त्व पुढें फार वाढावयाचें होतें. तूर्त एवढेंच कीं, या यंत्रानें मेंदूचें घर दाखविलें, पण घरांत चाललेला व्यवहार दाखविला नाहीं.

त्या व्यवहाराचा सुगावा प्राण्यांवरील प्रयोगांतून लागत होता. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठांत जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग विलक्षण होता. उंदराच्या मेंदूंत बारीक तार बसवून, एक दांडी दाबली कीं तेथें विजेचा सौम्य झटका मिळावा अशी त्यांनीं योजना केली. तारेचें टोंक एका विशिष्ट भागीं असलें म्हणजे तो प्राणी ती दांडी तासांत शेंकडों वेळां दाबीत राही. १९५७ सालापासून स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनीं डोपामीन नांवाचा पदार्थ मेंदूंत स्वतंत्र निरोप्याचें काम करतो हें दाखवून दिलें. त्याबद्दल त्यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि १९८८ सालीं इटलीमध्यें उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं अफूजन्य पदार्थ, मद्य, निकोटीन, कोकेन हे एरव्हीं एकमेकांहून अगदीं भिन्न असले, तरी मेंदूच्या एका ठराविक भागांत डोपामीन वाढविण्याच्या कामीं ते सारे एकमत आहेत. वाटा अनेक, पण त्या जेथें मिळतात तो चौक एकच, असा याचा अर्थ झाला.

पण उंदीर शपथ घेत नाहीं आणि मोडीतहि नाहीं. माणसाचा मेंदू पाहिल्यावांचून मूळ प्रश्न सुटणारा नव्हता; आणि तो पाहण्याची युक्ति साखरेनें दिली. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, तो अधिक साखर खातो. अमेरिकेंतील लुई सोकोलॉफ यांनीं साखरेच्या एका जातभाईला किरणोत्सर्गी खूण लावून ती मेंदूंत कोठें सांठते हें पाहण्याची रीत बसविली. पण त्या रीतींत प्राण्याचा मेंदू शेवटीं कापून पाहावा लागे. माणसासाठीं अशी खूण पाहिजे होती कीं जिचे किरण कवटीबाहेर येऊन स्वतःच वार्ता देतील. लाँग आयलंडवरील ब्रूकहेवन प्रयोगशाळेंत टात्सुओ इडो, आल्फ्रेड वुल्फ, जोॲना फाउलर आदि रसायनज्ञांनीं फ्लुओरीन-१८ ही खूण लावलेली साखर तयार केली. या फ्लुओरीनची शक्ति ११० मिनिटांत निम्मी होते. परीक्षा व्हावयाची होती ती फिलाडेल्फियास, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत. म्हणून १९७६ सालच्या ऑगस्टमध्यें ती साखर विमानानें तेथें धाडण्यांत आली आणि विझण्यापूर्वीं निरोगी स्वयंसेवकांच्या शिरेंत टोंचण्यांत आली. माणसाच्या मेंदूचें कार्य साखरेच्या खुणेनें टिपण्याचा तो आरंभ होय.

याच सुमारास सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत मायकेल फेल्प्स आणि त्यांचे सहकारी यांनीं अशा खुणा अचूक टिपणारें कंकणाकृति यंत्र सिद्ध केलें. खुणेंतून निघणारा पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला कीं दोघेहि नाहींसे होतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोंवतींच्या कंकणांत समोरासमोर हे दोन किरण एकाच क्षणीं लागले, म्हणजे ते कोणत्या रेषेवरून निघाले हें यंत्राला कळतें. अशा असंख्य रेषा जुळवून गणकयंत्र चित्र उभें करतें. यालाच पेट-स्कॅन म्हणतात.

हें यंत्र व्यसनाच्या प्रश्नाकडे वळविण्याचें श्रेय मुख्यतः एका स्त्रीकडे जातें. डॉक्टर नोरा वोल्कोव यांचा जन्म १९५६ सालीं मेक्सिको शहरीं झाला. रशियन क्रांतीचे पुढारी ट्रॉट्स्की हे त्यांचे पणजोबा. १९४० सालीं ज्या घरांत त्यांचा खून झाला, त्याच घरांत नोराबाई लहानाच्या मोठ्या झाल्या. वैद्यकीचें शिक्षण मेक्सिकोंत पुरें करून त्या अमेरिकेंत आल्या. १९८० नंतरच्या त्या वर्षांत कोकेन हा फारसा अपायकारक पदार्थ नव्हे, अशी समजूत तेथें पुष्कळांची होती. टेक्सासमधील ह्यूस्टन येथें कोकेन घेणारांचे मेंदू त्यांनीं पेट-यंत्राखालीं पाहिले, तेव्हां ठिकठिकाणीं रक्तप्रवाह खुंटलेला दिसला. अर्धांगाच्या रोग्यांच्या चित्रांची आठवण व्हावी असे ते डाग होते, आणि ते विशेषेंकरून कपाळामागील भागांत होते. हा निबंध १९८८ सालीं प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वींच त्या ब्रूकहेवन येथें गेल्या होत्या. ज्या प्रयोगशाळेंतून ती साखर निघाली, तेथेंच आतां व्यसनाचा अभ्यास सुरू झाला. १९८९ सालीं फाउलर आणि त्यांचे सहकारी यांनीं कोकेनलाच कार्बन-११ ची खूण लावून तें माणसाच्या मेंदूंत कोठें जातें आणि किती लवकर जातें हें पाहिलें. तें कांहीं मिनिटांतच मेंदूच्या गाभ्यांतील डोपामीनच्या प्रदेशांत पोंचतें आणि तितक्याच तांतडीनें ओसरूं लागतें. धुंदीची चढउतारहि त्याच गतीनें होते. १९९७ सालीं याच गटानें असें मोजून दाखविलें कीं डोपामीन परत उचलून नेणारे जे वाहक आहेत, त्यांपैकीं निदान शेंकडा ४७ कोकेननें अडविल्याखेरीज माणसाला धुंदी जाणवत नाहीं. ज्या धुंदीविषयीं पूर्वीं केवळ वर्णनें ऐकावयास मिळत, ती आतां आंकड्यांत मोजली गेली.

परंतु धुंदीपेक्षां महत्त्वाची गोष्ट धुंदी उतरल्यानंतरची होती. कोकेनच्या व्यसनी माणसांच्या मेंदूंत डोपामीनचा निरोप झेलणाऱ्या जागा निरोगी माणसांपेक्षां कमी आढळल्या. पदार्थ बंद करून तीन-चार महिने लोटले तरी त्या कमीच होत्या. १९९३ सालच्या निबंधांत याच्या पुढचा दुवा आला. ज्यांच्यांत या जागा कमी, त्यांच्यांत कपाळामागील मेंदूचें कार्यहि मंद होतें. तारतम्य पाहणें, पुढचा विचार करणें, तोंडीं आलेला शब्द आवरणें, हीं कामें ज्या भागावर अवलंबून असतात, तोच हा भाग. कठोपनिषदांत शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथि म्हटलें आहे. त्या रूपकाच्या भाषेंत सांगावयाचें तर घोडे उधळले होतेच. पण सारथ्याच्या हातांतील बळहि ओसरलें होतें. ‘मनावर घे’ असा उपदेश ज्याला करावयाचा, तोच आजारी होता.

मोह कसा जागा होतो, हेंहि चित्रांत दिसलें. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील ॲना रोझ चिल्ड्रेस यांनीं कोकेन सोडलेल्या माणसांना कोकेनसंबंधीं दृश्यें दाखविलीं, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील भावनांचीं केंद्रें जागीं झालेलीं १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्रांत दिसलीं. पुढें २००८ सालीं त्यांनीं तशींच चित्रें केवळ ३३ सहस्रांश सेकंद दाखविलीं. एवढ्या अवधींत आपण काय पाहिलें हें माणसाला सांगतां येत नाहीं; तरीहि तीं केंद्रें हाललीं. गुत्त्यावरून जातांना ‘नकळत पाय वळले’ असें जो सांगतो, त्याच्या बोलण्यांतील ‘नकळत’ हा शब्द नेहमीं सबबीचाच असतो असें नाहीं, हें यावरून दिसतें.

१९९७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेचे त्या वेळचे संचालक ॲलन लेश्नर यांनीं ‘व्यसन हा मेंदूचा रोग आहे’ असें जाहीरपणें प्रतिपादन केलें. त्याच संस्थेचें संचालकपद २००३ सालीं नोरा वोल्कोव यांच्याकडे आलें. त्या पदावर असतांना त्यांना स्वतःच्या घरांतील एक गोष्ट कळली, आणि पुढें ती त्यांनीं जाहीरपणें सांगितली. त्यांच्या लहानपणींच त्यांचे आईकडील आजोबा वारले होते. ते हृदयविकारानें गेले, असेंच घरांत सांगत. आई मृत्युशय्येवर असतांना तिनें मुलीला खरी हकीकत सांगितली. आजोबा दारूच्या आहारीं गेले होते. ती आवरत नाहीं या यातनेनें त्यांनीं स्वतःचा जीव घेतला होता. ज्या विदुषीनें व्यसन हा रोग असल्याचें साऱ्या जगाला चित्रें दाखवून पटविलें, तिच्याच घरांत तो रोग इतकीं वर्षें लाजेच्या पडद्याआड झांकून ठेवलेला होता. लाज ही दारूपेक्षां कमी मारक नाहीं, हें सांगावयास याहून दुसरें उदाहरण नको.

येथपर्यंतची साक्ष ऐकून कोणी असें म्हणेल कीं, तर मग व्यसनी माणसाचा इलाजच खुंटला. मेंदूच बिघडला, तेथें शपथ काय करणार? परंतु चित्रांची साक्ष येथें संपत नाहीं. २००१ सालीं ब्रूकहेवनच्या गटानें मेथॲम्फेटॅमीन या उग्र उत्तेजक पदार्थाचें व्यसन सोडलेल्या पांच जणांचीं चित्रें दोनदां घेतलीं. एकदां सोडल्यानंतर थोड्याच महिन्यांनीं आणि पुन्हां एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर. पहिल्या चित्रांत डोपामीनचे वाहक घटलेले होते; दुसऱ्यांत ते पुष्कळ अंशीं भरून आले होते. बुद्धीच्या आणि हालचालींच्या परीक्षांत मात्र तितकी सुधारणा दिसली नाहीं. टोरोंटोच्या १९७८ सालच्या दुसऱ्या चित्रानें जें सुचविलें होतें, तेंच येथें पुन्हां निघालें. मेंदू भरून येतो, पण वेळ घेतो; आणि तो वेळ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या धीरापेक्षां फार लांब असतो.

दुसरा प्रयोग वीस वानरांचा. अमेरिकेंतील वेक फॉरेस्ट विद्यापीठांत हीं वानरें आधीं एकेकटीं ठेविलीं, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील डोपामीनच्या जागांत फरक नव्हता. नंतर चार-चारांचे कळप केले. जीं वानरें कळपांत वरचढ झालीं, त्यांच्या त्या जागा वाढल्या. जीं दबून राहिलीं, त्यांच्या वाढल्या नाहींत, आणि पुढें कोकेन मिळूं लागतांच दबलेल्या वानरांनीं तें अधिक ओढलें. २००२ सालच्या या निबंधाचा धडा असा कीं मेंदू हा कवटींत एकटा राहात नाहीं; चार जणांत मिळणारा मान आणि अपमान त्याच्या घडणींत उतरतो.

माणसांच्या बाबतींत याची साक्ष यंत्रावांचूनच मिळालेली होती. व्हिएतनामच्या युद्धांत गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तेथें हेरॉईनच्या आहारीं गेला होता. १९७१ सालीं परतलेल्या शिपायांचा पाठपुरावा ली रॉबिन्स या विदुषीनें केला. ज्या वॉशिंग्टन विद्यापीठांत तें कंकणाकृति यंत्र तयार झालें, तेथीलच ही अभ्यासक. त्या व्यसनी शिपायांपैकीं घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत पुन्हां व्यसनांत पडलेले शंभरांत सुमारें पांचच निघाले. रणभूमि सुटली, सोबत बदलली, घर मिळालें, आणि बहुतेकांचें हेरॉईन सुटलें.

चित्रांवर विश्वास ठेवतांना सावधगिरीहि हवी. चित्रांतले तांबडे-पिवळे रंग मेंदूंत नसतात. ते आंकडेमोडीनें भरलेले असतात. २००९ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं चुंबकीय चित्रयंत्रांत एक मेलेला सामन मासा ठेवून त्याला माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं. नेहमींच्या बेफिकीर हिशेबानें पाहिलें तेव्हां त्या मृत माशाचा मेंदूहि ‘विचार करतांना’ दिसला! हिशेबांतील आवश्यक ती दुरुस्ती करतांच तो विचार नाहींसा झाला. शिवाय चित्रांतील निष्कर्ष बहुधा समूहांच्या सरासरीचे असतात. एकट्या माणसाचें चित्र पाहून हा व्यसनी आहे कीं नाहीं, असें कोणीहि डॉक्टर छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं.

आधीं काय आणि मग काय, हाहि पेंच आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं २००७ सालीं मद्यपी कुटुंबांतील अशा मुलांचे मेंदू पाहिले, ज्यांनीं स्वतः दारूला स्पर्श केला नव्हता. तरी त्यांच्यांत फरक होते. केंब्रिज येथें २०१२ सालीं उत्तेजक पदार्थांच्या व्यसनी माणसांचीं निर्व्यसनी भावंडें तपासलीं, तेव्हां त्यांच्या मेंदूंतहि तसेच दोष आढळले. म्हणजे मेंदूची घडण कांहीं अंशीं वारशानें येते. पण तोच वारसा घेऊन एक भाऊ बुडाला आणि दुसरा तरला, ही गोष्टहि त्याच अभ्यासानें दाखविली. चित्र म्हणजे कुंडली नव्हे. आणि मार्क लुईस यांच्यासारखे शास्त्रज्ञ, जे स्वतः तरुणपणीं व्यसनांतून गेले, ते तर असें म्हणतात कीं हा रोगच नव्हे; मेंदूनें फार खोलवर गिरविलेला तो धडा आहे, आणि दुसरा धडा गिरवूनच तो पुसावा लागतो. हा वाद मिटलेला नाहीं. परंतु रोग म्हणा कीं धडा म्हणा, ‘मनांत आणलें कीं झालें’ ही समजूत दोन्ही पक्षांना सारखीच अमान्य आहे.

या साऱ्याचा संसारी माणसाला उपयोग कोणता? एक असा कीं, शपथ मोडली म्हणजे शपथ खोटी होती असें समजूं नये. मोडलेल्या पायानें चार पावलें चालून पडलेल्या माणसाला कोणी लबाड म्हणत नाहीं. त्याला काठी देतात आणि पुन्हां उभें करतात. दुसरा असा कीं, दुखणें म्हटलें म्हणून जबाबदारी सुटत नाहीं. मधुमेह हा दोष नव्हे; पण पथ्य रोग्यालाच पाळावें लागतें, आणि घरांत रोज गोड शिजत असेल तर त्या पथ्याचें ओझें दुप्पट होतें. तिसरा उपयोग दुसऱ्या चित्राचा. तें काढण्यासाठीं रोगी जिवंत राहिला पाहिजे आणि पुन्हां आला पाहिजे. आणि ज्या घरांत त्याला तोंड दाखवावयास जागा उरलेली नाहीं, तेथून तो पुन्हां येत नाहीं.

मराठीनें ‘व्यसन’ शब्दाचा एक अर्थ वाटेंत गमावला होता. यंत्रांनीं काढलेल्या चित्रांनीं तोच अर्थ, आपत्ति हा अर्थ, पुन्हां त्याच्या शेजारीं आणून बसविला आहे. पूर आला म्हणजे गांव नदीकांठच्या घराला दूषणें देत बसत नाहीं. आधीं माणसें बाहेर काढतें, आणि मग पुढल्या पावसाळ्यासाठीं बांध घालतें. या दुसऱ्या पुराच्या बाबतींतहि शहाण्या घरानें तोच क्रम धरावा.